जंतूचं मर्मस्थान, मुक्काम अनसिंग

३ ऑक्टोबर १९५७, गुरुवार. दसरा.

आजपासून रोजनिशी. मोठे शोध लागले की पुढे भांडणं होतात, आधी कोणाच्या डोक्यात आलं म्हणून. माझ्या बाबतीत भांडणाला जागाच ठेवायची नाही. तारीख, वेळ आणि खाली सही, उकंडराव.

विषय असा. पेनिसिलिन पूर्वीसारखं लागू पडत नाही. त्रेपन्न साली अकोल्याची नोकरी सोडून मी अनसिंगला दवाखाना घातला, तेव्हा एका सुईत गळू बसायचं. (अकोल्याला अकरा वर्षं कंपाउंडर होतो. म्हणायला कंपाउंडर. डॉक्टरसाहेब फक्त पेशंट तपासायचे, बाकी सगळं मीच.) आता तीन-तीन सुया देऊनही गळू जिथल्या तिथे. जंतू शिरजोर झाले आहेत. त्यांना मारणारं नवं औषध कोणीतरी शोधणारच. मग मीच का नको?

सौ.नं सोनं दिलं आणि विचारलं, सणाच्या दिवशी वही कायले काढली. शास्त्रासाठी, असं सांगितलं. "मंग पुरनपोई खाऊन शास्त्र करा," म्हणाली. चार खाल्ल्या. दुपारी झोप लागली. शास्त्र उद्यापासून.

४ ऑक्टोबर

अपचन. शास्त्र परवापासून.

६ ऑक्टोबर, रविवार. बाजार.

रशियाने आकाशात बनावट चंद्र सोडल्याची बातमी बाजारभर. लोक माना वर करून फिरत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. आकाशात काय, कोणीही सोडेल. जंतूला मारून दाखवा म्हणावं.

पेशंट चौदा. माझी पद्धत इथे लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील. पेनिसिलिनच्या बाटलीत पाणी जरा सढळ हाताने घालायचं. जी बाटली शहरात एका माणसात संपते, ती माझ्या हातात दहा जणांना पुरते. एकाला पोटभर देऊन नऊ जणांना उपाशी पाठवणं मला जमत नाही, तो माझा स्वभाव नाही. पुन्हा सहा दिवस रोज या म्हटलं तर येतो कोण? एका सुईनं ठणका थांबला की माणूस वांगी तोडायला मोकळा. जंतू अर्धा मेला तरी पुरे, उरलेला लाजेनं मरतो.

पुंजाजी माळी आला होता. मानेवर पोळ्यापासून गळवांची रांग. एक बसलं की दुसरं. म्हणाला, "डाक्टरसायेब, निम्मी सुई मले द्या, निम्मी चंपतले. त्याच्याबी काखेत आलं हाये." चंपत त्याचा भाऊ. दोघांच्या मळ्यात एकच विहीर, तशी एकच सुई. दिली.

संध्याकाळी बाटलीत थोडं उरलं. पाणी घातलेलं पेनिसिलिन बर्फाशिवाय टिकत नाही आणि अनसिंगात बर्फ कुठला? पण औषध फेकणं माझ्या हातून होत नाही. दर बाजारी उरलेलं सौ.ला टोचतो. चार वर्षांचा नेम आहे. तिला विचारलं, आज काय दुखतं. कंबर, म्हणाली. टोचलं, आणि रिअॅक्शन येते का ते पाहायला अर्धा तास तिच्याजवळ बसलो. तो नियम मी कधी मोडत नाही. अर्ध्या तासात कंबर थांबली. पेनिसिलिन कंबरेवर चालतं हे कुठल्याही पुस्तकात नाही. नोंद केली.

९ ऑक्टोबर, बुधवार. दु. ३.

आजचा दिवस ऐतिहासिक.

अकोल्याहून कापसाचं बंडल आलं, ते एका इंग्रजी वैद्यकीय मासिकाच्या पानात गुंडाळलेलं. पान अर्धंच होतं. बाकीचं दुसऱ्या कोणाच्या बंडलाला गेलं असणार. डिक्शनरी घेऊन तीन तास बसलो. मतलब असा: पेनिसिलिन जंतूला कुठेही मारत नाही, नेमकं त्याच्या भिंतीवर मारतं. भिंत बांधता येत नाही म्हणून जंतू फुटतो. इथे पान फाटलेलं.

फाटलेलं अर्धं पान मी स्वतःच्या डोक्यानं पुरं करणार. अनसिंगच्या जंतूंनी भिंती पक्क्या केल्या असणार. मग भिंतीचा नाद सोडा! दुसरी जागा हेरा. जिथे एक टोला घातला की जंतू आडवा, अशी जागा. मर्मस्थान. ते सापडलं की औषध काय, आपोआप येईल.

जंतूच्या घराचा नकाशा काढला. भिंत, दार, चूल, रांजण, कोठी. सौ. पाठीमागून पाहून म्हणाली, "अन् न्हानी कुठं हाये?" हसण्यावारी नेलं. पण मुद्दा बरोबर होता. ती गेल्यावर न्हाणी काढली.

१२ ऑक्टोबर

प्रयोगशाळा सुरू. जंतू वाढवायला परदेशात काचेच्या ताटल्या असतात. आपल्याकडे बशा आहेत. वाण्याकडून जेलीसारखं थिजणारं चायना ग्रास आणलं, वरणाचं पाणी गाळून त्यात शिजवलं, सहा बशांत थापलं. वर झाकायला सहा बशा. पुंजाजीच्या गळवाचा पू काडीनं ओढला.

घरात बारा बशा होत्या. सौ. विचारत होती, पाहुणे आले तं चहा कायच्यात देऊ. शास्त्राच्या घरी पाहुण्यांनी वाटीत चहा प्यावा, त्यात कमीपणा नाही.

१५ ऑक्टोबर

सगळ्या बशांत पिवळे ठिपके! सोन्यासारखे. जंतू वाढवण्यात मला पूर्ण यश आलं आहे. आता फक्त मारणं बाकी.

तीन बशा मुंग्यांनी खाल्ल्या. मुंग्या ठणठणीत. नोंद केली.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. शोधकार्य स्थगित. मनातल्या मनात चालू.

३० ऑक्टोबर, बुधवार

मर्मस्थानांवर पद्धतशीर हल्ला.

चूल: विझवायची म्हणजे जंतूला थंड करायचं. एक बशी फडक्यात बांधून पाण्याच्या माठात सोडली. सौ.नं पाहिलं. काय बोलली ते शास्त्रीय नोंदवहीत लिहिण्यासारखं नाही. माठ फोडून नवा आणला. चुलीचा निष्कर्ष राखून ठेवला आहे.

रांजण: जंतूचं पाणी तोडायचं. बशीत मूठभर मीठ. बुरशी मेली, बाकीचं सगळं मेलं, आपला पिवळा जंतू मात्र मजेत. हा लोणच्यातही संसार करील. एका परीनं अभिमान वाटला. जंतू सामान्य असता तर शोधालाही किंमत नसती.

दार: कापूर. काही झालं नाही. घर मात्र देवळासारखं दरवळत होतं.

उद्यापासून रोज सकाळी पाचला उठायचं. इंग्रजी सुधारायचं. मुंबईच्या शास्त्रज्ञांना पत्र लिहायचं.

३१ ऑक्टोबर

आठला उठलो. पत्रात मायना काय घालावा ते ठरत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

त्या अर्ध्या पानावर आणखी एक ओळ होती, गेल्या आठवड्यात नीट लागली. नवी औषधं मातीतल्या बुरशीतून निघत आहेत. म्हणजे औषध पायाखालीच! आठवडाभर माती गोळा केली. शिरपूरला जाणाऱ्यांना सांगून देवळाच्या आवारातली, मंगरूळपीरहून दर्ग्याजवळची, पुंजाजीच्या मळ्यातली वांग्याच्या बुडाची, आणि रेल्वे स्टेशनच्या मोरीकाठची. चार पुड्या, चार बशा.

पुंजाजीनं मातीची पुडी देताना विचारलं, "माती पाहून गळू काहून बसन?" समजावून सांगितलं. त्याला समजलं नाही, पण त्यानं मान हलवली. मान हलवताना कळवळला.

७ नोव्हेंबर. स. ७.

सापडलं!!

स्टेशनच्या मातीभोवती जंतूंचा मागमूस नाही. स्वच्छ रिकामं वर्तुळ, बंद्या रुपयाएवढं. औषधाला नाव सुचलं: अनसिंगिन. की उकंडिन? अनसिंगिन गावाला बरं वाटेल, उकंडिन मला.

स. ९. सौ.ला दाखवलं. तिनं बशीचा वास घेतला. म्हणाली, "स्टेशनाची मोरी रोज फिनेलनं धुतात ना." 

स. सव्वानऊ. हे मलाही माहीत होतं. फिनेल मर्मस्थानापर्यंत पोचतं हे तर सिद्ध झालं. माणसाला ते टोचता येत नाही ही अडचण दुय्यम आहे.

१० नोव्हेंबर, रविवार. बाजार.

डोंगरापलीकडच्या तांड्यावरचा सेवालाल आला. चौपन्न साली मी त्याला म्हटलं होतं की तांड्यावरच्यांना औषधातलं कळत नाही. तेव्हापासून तांड्यावरून माझ्याकडे कोणी सुई घ्यायला आलं नाही, तीन वर्षांत एकही नाही. आज बायकोला, ललिताबाईला, बैलगाडीत घालून घेऊन आला. मांडीवर नारळाएवढं गळू. मी दहावा हिस्सा औषध सुईत भरलं, तर माझा हात धरला. "पुरी शिशी दे डाक्टर. आधंमुधं आमाले नाई पायजे. अन् उद्याबी येतो, परवाबी येतो. बरी होईस्तोवर येतो." रागानं पुरी बाटली दिली. म्हटलं घे.

संध्याकाळी सौ.ला चक्कर. उरलेलं टोचलं, अर्धा तास बसलो. चक्कर थांबली.

१३ नोव्हेंबर

ललिताबाई बरी. गळू फुटून वाहून गेलं, आता चालत आली. सेवालालनं चार दिवस रोज पुरी बाटली देवविली. साधं पेनिसिलिन, आणि पेशंट बरी! ना शिरजोर जंतू, ना काही. शास्त्राला असल्या पेशंटचा काडीचा उपयोग नाही.

बंजाऱ्यांच्या अंगात दूधदुभत्याची ताकद असते, हे कारण दिसतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तालुक्याचा नकाशा आणला. जिथे जिथे गळू पेनिसिलिनला दाद देत नाही तिथे तांबडा ठिपका. दिवसभर बसून एकसष्ट ठिपके दिले. संध्याकाळी लांबून पाहिलं आणि अंगावर काटा आला. ठिपके कसेही पडलेले नाहीत. अनसिंगपासून एक ओळ निघते, वस्त्यावस्त्यांतून जाते आणि फिरून अनसिंगला येते. रस्ता सोडून एक ठिपका नाही. तांडा तर कोरा करकरीत.

हा रस्ता माझ्या ओळखीचा. सोमवार-गुरुवार सायकलवर मी याच रस्त्यानं पेशंट पाहतो. म्हणून तर ठिपके इतके अचूक देता आले.

निष्कर्ष: शिरजोर जंतू रस्त्यानं पसरतो. धुळीतून. तांड्याला सायकल जात नाही म्हणून तिथे जंतूही नाही. सरकार रस्ते बांधून राहिलं आहे, पुढे काय वाढून ठेवलं आहे याची कोणाला कल्पना नाही. मुंबईच्या पत्राला आता खरा विषय मिळाला.

१७ नोव्हेंबर, रविवार. बाजार.

गर्दी. अठरा पेशंट. सौ.ला विचारलं, काय दुखतं. पाठ, म्हणाली. टोचलं. बसायला जमलं नाही, नकाशा शाईनं पक्का करायचा होता. पाठ थांबली असणार. नोंद केली.

१८ नोव्हेंबर

सौ. म्हणते पाठ थांबली नाही. नोंद आधीच झाली आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

पुंजाजीची बायको गोजराबाई भाजी घेऊन आली होती. जाताना माझ्याकडे आली आणि म्हणाली, "लोकाईच्या पाठी पाह्यता, घरची पाह्यली काय?" मी म्हटलं पाहिली. पाहिली नव्हती. सुई दंडात देतो, पाठ पाहायचं काम पडत नाही.

पाहिली. दोन खांद्यांच्या मधोमध काळपुळी. लिंबाएवढी, चाळणीसारखी भोकं. तापही आहे.

पुरी बाटली दिली. एकटीला, पहिल्यांदाच.

बशीत थोडा पू घेतला. घरातच इतका उत्तम नमुना मिळेल असं वाटलं नव्हतं. असं लिहायला नको होतं, पण खोडत नाही. शास्त्रात खाडाखोड चालत नाही.

२२ नोव्हेंबर

तीन दिवसांत पाच बाटल्या. उतार नाही. काळपुळी पेरूएवढी. बशीत पेनिसिलिनचा थेंब टाकून पाहिला. जंतू थेंबाच्या कडेपर्यंत येऊन बसलेत, काही झालंच नाही अशा थाटात.

सौ. जेवत नाही. पण विचारत होती, बशा धुऊ का, तुमाले लागतीन.

२३ नोव्हेंबर, शनिवार

ताप १०४. बडबडते. मधेच शुद्धीवर येऊन म्हणाली, "तुमचं औषद सापडलं काय?" म्हटलं सापडत आलं. "मंग थांबते," म्हणाली.

मला काही सापडलेलं नाही. चूल नाही, दार नाही, काही नाही. भीती वाटते. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

२४ नोव्हेंबर, रविवार. बाजार.

दवाखाना बंद. लोक दारात.

नेमकं कुठे मारायचं याचा विचार करत कागद पसरून बसलो होतो. पुंजाजी गाडी जुंपून आला. कोणी बोलावलं नव्हतं, गोजराबाईनं पाठवलं. त्यानं आणि गोजराबाईनं सौ.ला उचलून गाडीत घातलं. मी म्हटलं, मी जंतूचा अभ्यास करतो आहे, एक दिवस द्या. पुंजाजी म्हणाला, "सायेब, जंतू कुटं पयून नाई जाऊन राह्यला. वहिनी जाऊन राह्यली. बसा गाडीत."

बसलो. नकाशा आणि वही घेतली. स्टेशनवरून पॅसेंजरनं अकोला.

२५ नोव्हेंबर. अकोला.

खाजगी दवाखाना. डॉक्टरीणबाई, आडनाव बेलसरे. वय जेमतेम तीस, बोलणं मोजकं. आल्या आल्या काळपुळी कापली. पू काचेच्या ताटलीत घेतला (खऱ्या ताटल्या, झाकणासकट). मला बाहेर बसवलं. मी डॉक्टर आहे असं सांगितलं, तरी बाहेर बसवलं.

बाई म्हणाल्या, पेनिसिलिन चालणार नाही. नवं औषध दिलं, मुंबईहून मागवलेलं. कॅप्सूल, दर सहा तासांनी, मोजून दहा दिवस. मी विचारलं, हे भिंतीवर मारतं का? बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, नाही, भिंतीला हातही लावत नाही. आत शिरून जंतूचं काम बंद पाडतं.

म्हणजे चूल! मी हेच म्हणत होतो. कोणीतरी माझ्याआधी गाठलं एवढंच.

२७ नोव्हेंबर

ताप १००. पेज प्याली. दवाखान्याच्या मागे जाऊन रडलो. नळ सोडून रडलो म्हणजे कोणाला ऐकू गेलं नसणार.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ताप नाही. आता माझं संशोधन बाईंपुढे मांडायला हरकत नव्हती. नकाशा टेबलावर पसरला. रस्ता, धूळ, जंतूचा प्रवास, सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी तांबड्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, अनसिंगपासून निघून परत अनसिंगपर्यंत, आणि विचारलं, हा रस्ता कोणाचा.

मी म्हटलं, माझ्या सायकलचा.

त्यांनी विचारलं, आणि हा कोरा भाग? म्हटलं, तांडा, तिथले लोक माझ्याकडे येत नाहीत. मी रुमालानं तोंड पुसलं.

मग माझी पद्धत विचारली. सढळ पाणी, एका बाटलीत दहा जण, निम्मी सुई याला निम्मी त्याला. सांगताना ती पद्धत मला कानाला वेगळी लागत होती. बाईंनी सौ.ला विचारलं, तुम्हाला याआधी पेनिसिलिन किती वेळा टोचलं? सौ. म्हणाली, "दर बाजाराले. चार वर्सं झाले. बाटलीत उरते ना, ते."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. थोडं थोडं औषध दिलं की कमजोर जंतू मरतात, घट्ट असतात ते उरतात आणि त्यांचीच पोरं वाढतात. पुन्हा थोडं दिलं की त्यातले आणखी घट्ट उरतात. म्हणाल्या, तुम्ही बशीत जंतू वाढवत होता ते सोडा. तुम्ही तालुक्यात वाढवत होता. सगळ्यात जपून घरात.

मी म्हटलं, औषध फुकट जाऊ नये म्हणून. बाई म्हणाल्या, नवं औषध पण असंच वाटलंत तर चार वर्षांत तेही संपेल. मग पुन्हा तिसरी जागा शोधा, चौथी शोधा. जागा थोड्या आहेत.

यावर माझ्याजवळ उत्तर आहे. आज सुचत नाही.

३० नोव्हेंबर

उत्तर असं की मी कोणालाही परत पाठवलं नाही. हे उत्तर नाही.

५ डिसेंबर

कॅप्सूल संपल्या. चाळीसच्या चाळीस. शेवटच्या दोन, सौ. म्हणत होती, बरी झाले, पुंजाजीच्या मानेसाठी ठेवू. मी ओरडलो. सबंध वॉर्डानं पाहिलं. तिनं गिळल्या.

८ डिसेंबर, रविवार. बाजार. अनसिंग.

परत. दवाखाना उघडला. नवा नियम: पुरी सुई, रोज, सहा दिवस, नाहीतर सुई नाही. सोळा जण आले, पंधरा गेले. एक जण म्हणाला, "अकोल्याची हवा लागली डाक्टरले." तीन ठिकाणी ऐकू आलं की मी औषध चोरून ठेवतो.

राहिला तो पुंजाजी. त्याला पेनिसिलिन चालणार नाही, माझ्यामुळे. हे त्याला सांगितलं, तोंडावर सांगितलं. अकोल्याला बाईंकडे जा म्हटलं, चिठ्ठी दिली, चंपतलाही ने म्हटलं. त्यानं चिठ्ठी पागोट्यात खोचली. मग म्हणाला, "तुमी काई जानूनबुजून थोडंच केलं." जाताना वांगी ठेवून गेला. वांगी परत न्यायला लावायला हवी होती.

१५ डिसेंबर, रविवार. बाजार.

पेशंट दोन. दोघांना पुरी सुई. तरी बाटलीत थोडं उरलंच, पाण्याचा हात अजून सढळ आहे. मोरीत ओतलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

दिवे लागायच्या वेळी स्वयंपाकघरात गेलो. सवयीनं तोंडातून निघालं, आज काय दुखतं? सौ. भाकरी थापत होती. म्हणाली, काई नाई. मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, पहिलेबी काई नव्हतं दुखत. पाठ तेवढी खरी दुखत होती.

मी म्हटलं, कंबर? नाई. चक्कर? नाई. गुडघा, कान, छातीत धडधड, मागच्या उन्हाळ्यातली ती अर्धशिशी? सगळ्यांना नाई. माझ्या दवाखान्याच्या वहीत पेनिसिलिननं बरे झालेले तिचे शंभरावर आजार आहेत. तारीखवार. पाठ सोडून त्यातला एकही झाला नव्हता.

विचारलं, मग चार वर्षं सुई काहून घेतली? दुखत नव्हती?

म्हणाली, "सुई तं दुखेच. पन सुईपायी तुमी आठोड्यातून अर्धा घंटा माह्याजवळ बसत होते. बाकी दिवस तं तुमी लोकाईच्या दुखन्यात."

एवढं सांगून भाकरी उलटली.

पाट ओढून चुलीपाशी तिच्या शेजारी बसलो. डॉक्टरकीशिवाय आपल्याला दुसरं येतंय काय. शेवटी हात पुढे करून तिची नाडी पाहिली. पिठाच्या हातानं तिनं पाहू दिली. नाडी ठीक आहे.